स्टेम सेल आणि आरएनएला चिकटणारी प्रोटीन: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

हे प्रश्न मी बनवलेले नाहीत. बीएस्सी-एमएस्सीची पोरं, नेट परीक्षेची तयारी करणारे, बाळाच्या नाळेचं रक्त साठवायचं का म्हणून विचारणारे आईबाप, तालमीत जाणारी मंडळी, असे सगळे मिळून व्हॉट्सॲपवर तेच तेच विचारतात, मग म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवूया. वरनं खाली वाचत गेलात तर सोप्याकडनं अवघडाकडं जातंय, पण मधलंच एखादं उत्तर उघडून वाचलं तरी कळायला हरकत नाही. एकच गोष्ट परत परत लिहायला नको म्हणून कुठं कुठं ‘अमुक प्रश्न बघा’ असं म्हटलंय, तेवढं वर-खाली करा.

१. मॅडम, स्टेम सेल म्हणजे नेमकं काय? पेपरात रोज वाचतो पण धड कळत नाही.

दोन कामं जमणारी पेशी. विभागून परत स्वतःसारखीच पेशी तयार करणं हे एक, आणि गरज पडली की रक्ताची, स्नायूची, कातडीची अशी ठरलेल्या कामाची पेशी तयार करणं हे दुसरं. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या स्टेम सेलपासून शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी होऊ शकते. मोठ्या माणसातल्या स्टेम सेल मात्र आपापली हद्द सोडत नाहीत, बोन मॅरोतली रक्त बनवते, आतड्यातली आतड्याचं अस्तर बनवते, ती उठून मेंदू बनवायला जात नाही. तिसरा प्रकार लॅबमधला, कातडीच्या साध्या पेशीला मागं नेऊन बनवलेली आयपीएस पेशी, तिचं प्रश्न ७ मध्ये आहे.

सगळी गोम तोलात आहे. सगळ्याच पेशी कामाला लागल्या तर साठा संपतो, आणि कुणीच लागलं नाही तर जखम भरत नाही.

२. आरएनएला चिकटणारी प्रोटीन म्हणजे काय? डीएनएला चिकटणारी ऐकलीत.

डीएनएवरनं एमआरएनएची कॉपी निघते आणि त्या कॉपीवरनं प्रोटीन बनतं, हे बारावीला झालंय. पुस्तकात ती कॉपी एकटी फिरताना दाखवतात, पण पेशीत आरएनए कधीच उघडा नसतो, जन्मल्यापासून मरेपर्यंत त्याच्या अंगावर प्रोटीनांची गर्दी असते. त्यांनाच आरबीपी म्हणतात, मीही पुढं तेच म्हणणार आहे. माणसात अशी साधारण १,५०० प्रोटीन धरतात. कुणी आरएनएची काटछाट करतं, कुणी त्याला न्यूक्लियसबाहेर नेतं, कुणी त्याला टिकवतं, कुणी कुजवतं, आणि कुणी नुसतं धरून ठेवतं म्हणजे रायबोझोमला त्यावर प्रोटीन बनवता येत नाही.

पकडायचे भाग ठरलेले आहेत: आरआरएम, केएच, झिंक फिंगर, कोल्ड शॉक डोमेन. यातला सगळ्यात कॉमन आरआरएम, साधारण ९० अमिनो ॲसिडचा. एका प्रोटीनमध्ये असे दोन-तीन भाग असू शकतात आणि एकेक भाग आरएनएची जेमतेम तीन-चार अक्षरंच ओळखतो, त्यामुळं नुसतं सिक्वेन्स बघून कोण कुठं बसेल हे सांगणं अवघड जातं.

३. जीन चालू-बंद करायला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहेतच की, मग मधे या आरबीपीचं काय काम?

कागल-करवीरकडच्या गुऱ्हाळात उभं राहून बघा. कढईतला रस तोच, पण उतरवायचं कधी ते गुळव्या ठरवतो, लवकर उतरवलं तर काकवी, थांबलं तर गूळ. जीन चालू झाला म्हणजे रस कढईत पडला, एवढंच. पुढं त्याचं काय होणार ते आरबीपी ठरवतात.

आता आकड्यात. २०११ मध्ये उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर हजारो जीनची एकत्र मोजणी झाली, त्यात एमआरएनएचं हाफ-लाइफ, म्हणजे निम्मा साठा संपायला लागणारा वेळ, सरासरी ९ तासांच्या आसपास आणि प्रोटीनचं ४६ तासांच्या आसपास निघालं, आणि प्रोटीनच्या पातळीतला सुमारे ४०% फरकच एमआरएनएच्या पातळीवरनं सांगता आला. नंतर या ४०% वर वाद झाला, चुका वजा केल्या तर आकडा बराच वर जातो असं म्हणणारी गणितंही आली, पण एमआरएनए दिसला म्हणजे प्रोटीन असणारच असं धरून चालत नाही, एवढं कुणी नाकारत नाही.

स्टेम सेलमध्ये तर हे जास्तच खरं आहे. २०१४ मध्ये दिसलं की उंदराच्या बोन मॅरोतल्या रक्ताच्या स्टेम सेल आसपासच्या बाकी रक्तपेशींपेक्षा कमी वेगानं प्रोटीन बनवतात, आणि तो वेग जबरदस्तीनं वाढवला तरी त्या बिघडतात, कमी केला तरी बिघडतात. म्हणजे हळू चालणं हा आळस नव्हे, कामाचाच भाग आहे.

४. तालमीत स्नायू फाटला की भरून कसा येतो? यात पण स्टेम सेल असतात का?

असतात, आणि आरबीपी समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, म्हणून इथं जरा जास्त लिहिते.

स्नायूच्या धाग्याला चिकटून, त्याच्यावरच्या पातळ आवरणाखाली, छोट्या पेशी झोपलेल्या असतात. त्यांना सॅटेलाइट सेल म्हणतात, १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पहिल्यांदा नोंदवल्या. स्नायूला इजा झाली की या पेशी उठतात, विभागतात, काही नवीन स्नायूधागे बनवतात आणि काही परत झोपायला जातात, म्हणजे पुढच्या वेळेसाठी साठा राहतो.

स्नायू बनवायला पेशीला मायोडी नावाचं प्रोटीन लागतं. झोपलेल्या पेशीत मायोडी प्रोटीन जवळजवळ नसतं, म्हणून कुणालाही वाटेल की जीनच बंद असणार. तसं नाही! उंदराच्या सॅटेलाइट सेलमध्ये मायोडीचा एमआरएनए झोपेतच तयार होत असतो, फक्त त्याला दोन बाजूंनी आवरून धरलेलं असतं. एक आरबीपी आहे स्टॉफेन-१, ते एमआरएनएच्या शेपटाकडच्या भागाला, म्हणजे ३ प्राइम यूटीआरला, चिकटतं आणि प्रोटीन बनू देत नाही. दुसरं ट्रिस्टेट्राप्रोलिन, सगळे टीटीपी म्हणतात, ते त्याच एमआरएनएला पकडून कुजवायला लावतं. इजा झाली की पी३८ हे किनेज, म्हणजे फॉस्फेट बसवणारं एन्झाइम, जागं होतं, टीटीपीवर फॉस्फेट बसतो, टीटीपी निकामी होतं आणि मायोडीचा एमआरएनए साचायला लागतो. टीटीपीचं काम २०१५ ला आलं, स्टॉफेनचं २०१७ ला.

फायदा काय? वेळ. जीन उघडा, कॉपी काढा, कापा, बाहेर आणा, हे सगळं इजा झाल्यावर सुरू करण्यापेक्षा कॉपी आधीच तयार ठेवून नुसता हात काढून घेणं पटकन होतं. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत हे मात्र विसरू नका. आणि मोठी इजा असेल तर ऑर्थोपेडिककडेच जा, सॅटेलाइट सेलच्या भरवशावर परत हौद्यात उतरू नका.

५. मग दूध, बदाम, थंडाई, प्रोटीन पावडर घेतली की ही प्रोटीन वाढतात का?

नाही. खाल्लेलं प्रोटीन पोटात आणि आतड्यात तुटून अमिनो ॲसिड होतं, ते आहे तसं सॅटेलाइट सेलमध्ये जाऊन बसत नाही. खुराकाचा फायदा आहेच, कच्चा माल मिळतो, पण ‘स्टेम सेल ॲक्टिव्हेटर’ लिहिलेला डबा कुणी विकत असेल तर पैसे वाचवा आणि म्हशीचं धारोष्ण दूध पिणारे असाल तर तेवढं उकळून प्या.

६. लिन-२८ चं नाव सगळीकडं येतंय. ते नक्की करतं काय?

लिन-२८ हे एक आरबीपी, ते लेट-७ ला अडवतं. लेट-७ हा मायक्रोआरएनए, म्हणजे दुसऱ्या एमआरएनएवर बसून त्याला दाबणारा छोटा आरएनए, जेमतेम २२ अक्षरांचा, आणि त्याचा कल पेशीला प्रौढ करण्याकडं. स्टेम सेलला एवढ्यात प्रौढ व्हायचं नसतं. लेट-७ आधी लांब कॉपी म्हणून निघतो, मग कापून कापून छोटा होतो, तर मधल्या टप्प्यावर तो हेअरपिनसारखा वळलेला असताना लिन-२८ त्याच्या वळणाला पकडतं आणि टीयूटी४ नावाच्या एन्झाइमला बोलावून त्याच्या टोकाला यू-यू-यू अशी शेपटी लावून घेतं. ती शेपटी दिसली की डीआयएस३एल२ हे दुसरं एन्झाइम येऊन त्याला संपवतं. लेट-७ तयारच होत नाही, पेशी तरुण राहते. आणि उलटही आहे, लेट-७ वाढला की तो लिन-२८ च्या एमआरएनएवर बसून लिन-२८ कमी करतो, म्हणून हे दोघं एकाच वेळी जोरात नसतात, एक वर तर दुसरा खाली.

माणसात दोन भाऊ आहेत, लिन-२८ए आणि लिन-२८बी. वरची शेपटीची गोष्ट मुख्यतः ए ची. बी न्यूक्लियसमध्येच लेट-७ ची लांब कॉपी अडवून धरतं असं पुष्कळ ठिकाणी दिसलंय. शिवाय लेट-७ ला मधे न घेता लिन-२८ हजारो एमआरएनएवर थेटही बसतं, परीक्षेत हा भाग सगळे विसरतात.

सापडलं कुठं म्हणाल तर सी एलेगन्स या मिलिमीटरभर अळीत. लिन-२८ बिघडलेली अळी वाढीची एक पायरी गाळून पुढं जाते, म्हणजे हे प्रोटीन मुळात वेळ सांभाळणारं. या अळीतल्या मायक्रोआरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं, आणि लेट-७ रुव्हकन यांच्याच लॅबमधनं २००० साली आलेला.

७. यामानाकाच्या चार फॅक्टरमध्ये लिन-२८ नाही, मग आमच्या नोट्समध्ये का आहे?

दोन वेगळ्या रेसिपी एकत्र झाल्यात. साध्या पेशीला मागं नेऊन आयपीएस पेशी करायला शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींवर वापरले ते ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक. २००७ मध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटानं माणसाच्या पेशींसाठी ऑक्ट४, सॉक्स२, नॅनॉग आणि लिन-२८ वापरले. यातलं लिन-२८ एकटं आरबीपी, बाकी सगळे डीएनएवर काम करणारे. ते लागतंच असं नाही, यामानाकांचं त्याच्याशिवाय झालंच की, पण असेल तर काम सोपं होतं. एमसीक्यूमध्ये कुणाची रेसिपी विचारलीय ते आधी बघा.

८. मुसाशी पण असंच आहे का?

परिणाम मिळताजुळता, रस्ता वेगळा. मुसाशी हे पण आरबीपीच, १९९४ मध्ये फळमाशीत सापडलं. ते एमआरएनएमधली यूएजी ही तीन अक्षरं शोधून बसतं. मेंदूच्या स्टेम सेलमध्ये मुसाशी-१ नम्ब नावाच्या एमआरएनएवर बसून त्याचं प्रोटीन बनू देत नाही. नम्बचं काम नॉच सिग्नल दाबणं, म्हणजे नम्ब कमी झालं की नॉच चालू राहतो आणि पेशी स्टेम सेल राहते. असं दोनदा उलटं धरून सुलटं काढावं लागतं, पोरं इथंच घसरतात.

रक्तात काम मुसाशी-२ चं. २०१० मध्ये दिसलं की रक्ताच्या काही आक्रमक कॅन्सरमध्ये ते जास्त असतं आणि जिथं जास्त असतं तिथं पेशंटचं पुढं वाईट होतं. २०१६ मध्ये दुसऱ्या गटानं नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेलमध्ये तेच मुसाशी-२ मुद्दाम वाढवलं तर त्या स्टेम सेलची संख्या वाढली. ट्रान्सप्लांटला पेशी कमी पडतात तिथं हे उपयोगाचं वाटतं आणि लगेच वरचं कॅन्सरचं वाक्य आठवून हात आखडतात.

९. अळ्या-माश्यांवरचं वाचून आम्हाला काय उपयोग? माणसाचं सांगा.

माणसाचंच सांगते, पण अळीवरनं जावं लागेल. त्या मिलिमीटरभर अळीत बीजपेशींच्या स्टेम सेल एका टोकाला असतात. तिथं एफबीएफ नावाची दोन जुळी आरबीपी जीएलडी-१ चा एमआरएनए दाबून धरतात. जीएलडी-१ पण आरबीपीच, पण उलट्या बाजूचं, पेशीला पुढं ढकलणारं. एफबीएफ दोन्ही काढली तर वाढ पूर्ण होईपर्यंत स्टेम सेल शिल्लक राहत नाहीत, सगळ्या पुढं निघून जातात. म्हणजे ‘राहा’ म्हणणारं आरबीपी आणि ‘चल’ म्हणणारंही आरबीपी.

एफबीएफच्या खानदानातलं फळमाशीतलं प्रोटीन पुमिलियो, आणि माणसात पुम-१ आणि पुम-२. हे सगळे यूजीयूनं सुरू होणारी अक्षरं ओळखतात, अळीपासून माणसापर्यंत ही आवड बदललेली नाही.

पुमिलियोची खरी मजा जोडीदारात आहे. माशीच्या अंडाशयातल्या स्टेम सेलमध्ये पुमिलियो नॅनॉसबरोबर असतं आणि पेशीला पुढं नेणारे एमआरएनए दाबतं. शेजारच्या लेकीच्या पेशीत नॅनॉस संपलेलं असतं, मग तेच पुमिलियो ब्रॅटबरोबर जातं आणि स्टेम सेल ठेवणारे एमआरएनए दाबतं. प्रोटीन एकच, चिकटायची अक्षरं तीच, जोडीदार बदलला की निकाल उलटा. ‘पुमिलियो स्टेम सेल वाढवतं की कमी करतं’ असा प्रश्न कुणी विचारला तर ‘कुणाबरोबर’ असं उलट विचारायचं.

१०. स्प्लायसिंगचा यात काय रोल?

मोठा आहे. स्प्लायसिंग म्हणजे आरएनएच्या कॉपीतले तुकडे, म्हणजे एक्झॉन, कापून जोडणं. एकाच जीनच्या कॉपीतले तुकडे वेगवेगळे जोडून दोन वेगळी प्रोटीन बनवता येतात. एफओएक्सपी१ या जीनचं उदाहरण घ्या: गर्भाच्या स्टेम सेलमध्ये त्यात वेगळा एक्झॉन बसतो आणि बनणारं प्रोटीन ऑक्ट४, नॅनॉगसारख्या जीनना जोर देतं, तर साध्या पेशीतली आवृत्ती ते करत नाही. हे २०११ चं. २०१३ मध्ये कळलं की प्रौढ पेशीत एमबीएनएल नावाची आरबीपी स्टेम सेलसारखं स्प्लायसिंग होऊ देत नाहीत, ती कमी केली तर आयपीएस बनवणं सोपं जातं. हीच एमबीएनएल प्रोटीन मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूच्या आजारात बिघडलेल्या आरएनएच्या सीयूजी-सीयूजी माळेत अडकून पडतात, ते आजाराच्या टॉपिकला जोडून वाचा.

११. एम६ए म्हणजे आरएनएवरचा मार्क ना? तो स्टेम सेल टिकवतो की संपवतो? पेपरमध्ये दोन्ही लिहिलंय.

दोन्ही बरोबर आहे, आणि गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. एमआरएनएमधल्या एडेनिनवर मिथाइल लावणारं एन्झाइम मेटल३, आणि तो मार्क वाचणारी वायटीएचडीएफ२ सारखी आरबीपी, ती मार्क असलेला एमआरएनए लवकर कुजवतात. २०१५ मध्ये उंदराच्या गर्भपेशींत मेटल३ काढून बघितलं. अगदी सुरुवातीच्या, म्हणजे नाईव्ह अवस्थेतल्या स्टेम सेल तशाच अडकून राहिल्या, पुढं जाता येईना, कारण जुने ‘स्टेम सेल राहा’ म्हणणारे एमआरएनए कुजेचनात. पण एक पायरी पुढच्या, प्राइम्ड अवस्थेतल्या पेशींतनं मेटल३ कमी केलं तर त्या टिकल्याच नाहीत, पुढं निघून गेल्या नाहीतर मेल्या. मार्क फक्त त्या वेळी जो एमआरएनए जास्त आहे त्याला कमी करतो, नाईव्हमध्ये जास्त असतो तो एक गट, प्राइम्डमध्ये दुसरा.

म्हणून उत्तरात पेशीची अवस्था लिहिल्याशिवाय परीक्षेत गुण मागू नका. रक्ताच्या स्टेम सेलचं विचाराल तर २०१८ मध्ये वायटीएचडीएफ२ काढल्यावर त्यांची संख्या वाढलेली दिसली.

१२. आरबीपी बिघडून स्टेम सेलचा आजार होतो का?

होतो. डिस्केराटोसिस कंजेनिटा हा दुर्मिळ आजार बघा. डीकेसी१ या जीनमधनं डिस्केरिन बनतं, हे आरबीपी टेलोमरेजच्या, म्हणजे क्रोमोझोमची टोकं राखणाऱ्या एन्झाइमच्या, आरएनएला धरून त्याला टिकवतं. १९९८ मध्ये या जीनचा आजाराशी संबंध लागला. डिस्केरिन बिघडलं की टेलोमरेज नीट चालत नाही, क्रोमोझोमची टोकं झिजतात, आणि सारखं विभागावं लागणाऱ्या स्टेम सेलला त्याचा फटका पहिला बसतो. नखं खराब, कातडीवर जाळीसारखे डाग, तोंडात पांढरे चट्टे, आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे बोन मॅरो रक्त बनवायचं थांबवतो. डीकेसी१ एक्स क्रोमोझोमवर असल्यानं या प्रकारात मुलगे जास्त आजारी पडतात, इतर जीनमुळं होणारे प्रकारही आहेत.

हे वाचून एकानं स्वतःच्या तोंडातल्या चट्ट्याचा फोटो पाठवलेला. बाबांनो, आपल्याकडं मावा-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला तर पहिला संशय तंबाखूवर घ्यायचा आणि डेंटिस्ट किंवा ईएनटीला दाखवायचं, दुर्मिळ आजार नंतर.

१३. सिकलसेलच्या नवीन जीन थेरपीत आरबीपी येतं का?

थेरपीत नाही, मागच्या बायोलॉजीत येतं. विदर्भात, नंदुरबारकडं सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत, म्हणून हा प्रश्न तिकडनं शिकायला आलेली पोरं विचारतात. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात सिकलचा दोष नसतो. जन्मानंतर बीसीएल११ए हे प्रोटीन ते बंद करतं. गर्भात बीसीएल११ए कमी का असतं, तर तिथं प्रश्न ६ मधलं लिन-२८बी जास्त असतं आणि ते बीसीएल११ए च्या एमआरएनएवर थेट बसून त्याचं प्रोटीन बनू देत नाही, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. लेट-७ चा रस्ता इथं मुख्य नाही, म्हणून म्हटलं की तो थेट बसण्याचा भाग विसरू नका.

कॅसजेव्ही नावाची थेरपी ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ ला मंजूर झाली, ती पेशंटच्याच रक्ताच्या स्टेम सेल काढून क्रिस्परनं, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापणाऱ्या तंत्रानं, बीसीएल११ए चा रक्तातला स्विच तोडते. म्हणजे गाठायचं ठिकाण एकच, पण डीएनएच्या बाजूनं.

१४. आरबीपीवर चालणारं एखादं औषध आहे का?

स्टेम सेलसाठी म्हणून मंजूर झालेलं मला सांगता येणार नाही, पण तत्त्व चालतं याचा पुरावा आहे. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराचं औषध नुसिनर्सेन, डिसेंबर २०१६ ला अमेरिकेत मंजूर. एसएमएन२ जीनच्या कॉपीत एका जागी एचएनआरएनपी जातीची आरबीपी बसतात आणि सातवा एक्झॉन गाळला जातो. हे औषध म्हणजे छोटा आरएनएसारखा तुकडा, तो ती जागा आधीच अडवतो, आरबीपीला बसायला जागा राहत नाही, एक्झॉन आत येतो आणि प्रोटीन नीट बनतं. प्रोटीनला हात न लावता त्याची खुर्चीच काढून घेतली!

१५. गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का? आणि बाळाच्या नाळेचं रक्त साठवू का?

हे दोन प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा जास्त येतात, आणि मी डॉक्टर नाही, त्यामुळं नियम काय म्हणतात ते सांगते. आयसीएमआर आणि डीबीटी या सरकारी संस्थांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं ठरलेल्या रक्ताच्या वगैरे आजारांसाठीचं बोन मॅरो किंवा रक्ताच्या स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार हे संशोधनात मोडतात, ते मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला पाहिजेत. आणि ट्रायलमध्ये पेशंटकडनं उपचाराचे लाखभर रुपये घेत नाहीत. गुडघा, ऑटिझम, टक्कल, सगळ्याला एकच इंजेक्शन सांगणारा भेटला तर ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, मागा, तिथंच बोलणं संपतं बहुतेक वेळा.

नाळेच्या रक्ताचं, त्याच तत्त्वांमध्ये म्हटलंय की पुढं स्वतःच्याच बाळाला लागेल म्हणून खाजगी बँकेत साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. साधं कारण, मुलाला जन्मजात रक्ताचा आजार असेल तर साठवलेल्या पेशींतही तोच दोष असणार. घरात आधीच एखाद्या मुलाला ट्रान्सप्लांटनं बरा होणारा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हिमॅटॉलॉजिस्टशी बोला, बँकेच्या एजंटशी नाही.

१६. हा कोण-कुठं-चिकटतो प्रयोग आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये होईल का?

पूर्ण क्लिप, म्हणजे कुठलं प्रोटीन आरएनएवर कुठं बसलंय ते शोधायची पद्धत? अवघड आहे. जिवंत पेशींवर २५४ नॅनोमीटरची यूव्ही मारतात, त्यानं आरएनए आणि त्याला टेकलेलं प्रोटीन पक्कं जोडलं जातं, मग उरलेला आरएनए छाटायचा, ॲन्टीबॉडीनं हवं ते प्रोटीन ओढायचं, प्रोटीन पचवून टाकायचं आणि शिल्लक आरएनएचं सिक्वेन्सिंग. ॲन्टीबॉडी चांगली नसेल तर सगळं पाण्यात. त्यात आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, सगळीकडं, आपल्या बोटांवर सुद्धा, आणि ते उकळून पण मरत नाही. मे महिन्यात लाइट गेली आणि मायनस ऐंशीच्या फ्रीझरचा बॅकअप चालला नाही तर काय होतं ते ज्याचे सॅम्पल गेलेत त्याला विचारा.

पण कॉम्प्युटरवर करता येतं. एन्कोड प्रोजेक्टनं जवळजवळ १५० आरबीपीचा ई-क्लिप डेटा फुकट ठेवलाय, शिवाजी युनिव्हर्सिटीत बसून एमएस्सीचं डिझर्टेशन त्यावर होऊ शकतं. फक्त तो डेटा के५६२ आणि हेपजी२ या कॅन्सरच्या पेशींचा आहे, त्यावरनं स्टेम सेलबद्दल काही म्हणायचं असेल तर जपून म्हणा. प्रत्यक्ष प्रयोगच करायचा असेल तर प्लॅनेरिया बघा, कापला तर परत वाढणारा चपटा किडा, स्वस्तात पोसता येतो, आणि त्याच्या स्टेम सेलना पिवी जातीची आरएनएला धरणारी प्रोटीन लागतात हे २००५ पासून माहीत आहे. पुढं पीएचडी करायची तर पुण्यात एनसीसीएस आणि आयसर आहेत, बेंगळुरूला इनस्टेम, हैदराबादला सीसीएमबी.

१७. एखादं आरबीपी काढलं आणि स्टेम सेल संपल्या, म्हणजे ते स्टेमनेसचं, पेशीला स्टेम सेल ठेवणारं, प्रोटीन झालं ना?

लगेच नाही. स्प्लायसिंगचं एखादं मूळ प्रोटीन काढलं तर कुठलीही पेशी मरेल, तिथं स्टेम सेलचं काही खास नाही. मी तीन गोष्टी बघते. इतर पेशींत तेच प्रोटीन काढल्यावर काय झालं. परत घातल्यावर सुधारलं का, आणि आरएनएला न चिकटणारी बिघडवलेली आवृत्ती घातली तरी सुधारलं का, कारण तरी सुधारत असेल तर आरएनएचा संबंधच नाही. आणि दुसऱ्या प्रकारच्या स्टेम सेलमध्ये निकाल तोच आला का.

तिसऱ्यावर बरेच अडकतात. डीडीएक्स६ या आरबीपीचं २०१९ मधलं काम बघा: ते काढल्यावर माणसाच्या गर्भाच्या स्टेम सेल आणखी मागच्या, नाईव्ह अवस्थेकडं गेल्या, पण प्रौढ शरीरातल्या वेगवेगळ्या स्टेम सेलमध्ये काही ठिकाणी त्या पुढं सरकल्या आणि काही ठिकाणी अडकल्या. ११ आणि ९ ची उत्तरं यासोबत वाचा, तिन्हीत एकच भानगड आहे. तसंच क्लिपमध्ये बसलेलं दिसलं म्हणजे तिथं काही काम होतंयच असंही नाही, पुष्कळ वेळा नुसतं बसलेलं असतं.

१८. नेहमी प्रोटीनच आरएनएला आवरतं का? उलटं कधी होत नाही?

होतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला मी मनातल्या मनात मार्क दिले. एनोलेज-१ आठवतंय ना, ग्लायकोलिसिसमधलं, म्हणजे साखर फोडून ऊर्जा काढायच्या साखळीतलं एन्झाइम, पाठ करून विसरलेलं. त्यात प्रश्न २ मधला एकही पकडायचा भाग नाही, तरी ते आरएनएला चिकटतं. २०२२ मध्ये उंदराच्या गर्भाच्या स्टेम सेलमध्ये दाखवलं की आरएनए चिकटला की एनोलेजचं काम मंदावतं, म्हणजे इथं आवरणारा आरएनए आणि आवरलं जाणारं प्रोटीन. पेशी पुढं जायला लागली की ग्लायकोलिसिस बदलावं लागतं, आणि एनोलेज-आरएनएचं हे नातं बिघडवलं तर पेशींचं वेगवेगळ्या थरांत रूपांतर होणं पण बिघडलं. अशी पकडायचा भाग नसताना आरएनएला धरणारी एन्झाइम आता बरीच सापडलीत. तेव्हा नेटच्या पेपरात ‘खालीलपैकी कुणाला आरआरएम नसल्यामुळं आरएनएला चिकटता येत नाही’ असलं काही आलं तर घाईनं टिक करू नका.